कातळ आणि रातराणी एकाच टीममध्ये: सुपरहीरो गेममध्ये ताकदीचा मेळ कसा बसवावा

सुपरहीरोंचा टेबलटॉप गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत गोष्ट खेळायचा गेम, चालवणाऱ्या प्रत्येक जीएमपुढे (गेम मास्टर, म्हणजे प्रसंग रचून खेळ चालवणारा) कधी ना कधी ही जोडी येतेच. एकाला भरलेली बस उचलता येते आणि दुसरीकडे असतो टॉर्च, दोरी आणि तल्लख डोकं. कॉमिकमध्ये हे दोघं शेजारी उभे राहिले तरी काही अडत नाही, कारण कुणाला किती पानं द्यायची ते लेखकाच्या हातात असतं. टेबलावर मात्र प्रत्येक कॅरेक्टरमागे एक माणूस बसलेला असतो. रविवारची दुपार मोकळी करून तो आलेला असतो. तो तासभर नुसताच बघत बसला, तर पुढच्या रविवारी त्याला हमखास दुसरं काम निघतं.

मी पुण्यात म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्सची तिसरी आवृत्ती चालवते. हा ग्रीन रोनिन या अमेरिकन प्रकाशनाचा गेम. त्याची पहिली आवृत्ती २००२ ची, तिसरी २०११ ची. टेबलावर चौघं असतात. मावसभाऊ ‘कातळ’ खेळतो, दगडासारखं अंग आणि अफाट ताकद. ऑफिसमधल्या मैत्रिणीची ‘वावटळ’ वेगाने धावते. मैत्रिणीची कॉलेजात जाणारी मुलगी ‘मनकवडी’ आहे. आणि ‘रातराणी’ खेळणारी माझी शाळेतली मैत्रीण जर्मनीतून लॅपटॉपवर येते. रातराणीकडे एकही अचाट शक्ती नाही. गोष्ट मुंबईत घडते, कारण मुंबई चौघांनाही पाठ आहे.

मेळ बसला की नाही हे मी एकाच गोष्टीवरून ठरवते: या सेशनमध्ये प्रत्येकाच्या निदान एका निर्णयाने गोष्ट वळली का? आकडे सारखे असणं वेगळं आणि हे वेगळं. तरीही सुरुवात आकड्यांपासूनच करावी लागते. आकडे फसलेले असले की जीएमने कितीही सुंदर प्रसंग रचला तरी एक जण मारतो आणि बाकीचे टाळ्या वाजवतात.

१५० पॉइंट दोघांनाही मिळाले, मग?

या गेमची नेहमीची सुरुवात पॉवर लेव्हल (हीरो एकूण किती ताकदवान असू शकतो याची पातळी) १० पासून होते आणि प्रत्येकाला १५० पॉइंट मिळतात. नव्या जीएमला वाटतं, पॉइंट सारखे दिले म्हणजे काम झालं. ते तसं नाही. पॉइंट म्हणजे किती खर्च झाला. तो कशावर झाला हे पॉइंट सांगत नाहीत. खरी शिस्त लावतात त्या पॉवर लेव्हलच्या मर्यादा. हल्ल्याचा बोनस (फटका लागावा म्हणून फाशात मिळवायचा आकडा) आणि डॅमेजचा रँक (फटक्याच्या जोराचा आकडा) यांची बेरीज पॉवर लेव्हलच्या दुपटीपेक्षा जास्त होता कामा नये, म्हणजे इथे २०. डॉज (लांबून आलेला वार चुकवणं) आणि टफनेस (लागलेला वार सोसणं) यांची बेरीज २०, पॅरी (जवळचा वार अडवणं) आणि टफनेस यांची २०, फॉर्टिट्यूड (शरीराचा काटकपणा) आणि विल (मनाचा निग्रह) यांचीही २०. स्किलचा एकूण आकडा पॉवर लेव्हल अधिक १०, म्हणजे फार तर २०.

पुस्तक ही कमाल मर्यादा सांगतं. किमान किती असावं ते जीएमने ठरवायचं असतं, आणि बहुतेक टेबलांवर घोळ होतो तो इथेच.

रातराणीचा पहिला कागद माझ्याकडे आला तेव्हा मैत्रिणीने जीव ओतून स्किल घेतली होती. तपास, लपणं, कुलपं उघडणं, फसवणूक, चार भाषा. हल्ला मात्र +६ आणि डॅमेज ६. समोर बचाव (डॉज किंवा पॅरी) १० आणि टफनेस १० असलेला साधा व्हिलन धरा. मारायला वीस बाजूंच्या फाशावर हल्ल्याचा बोनस मिळवून १० अधिक बचाव, म्हणजे २० गाठायचे. फटका लागला की व्हिलन टफनेसचा रोल करतो, त्याला १५ अधिक डॅमेज गाठावे लागतात.

हल्ला १०, डॅमेज १० असलेल्या हीरोचा फटका शंभरात ५५ वेळा लागतो, आणि लागल्यावर व्हिलन ७० टक्के वेळा तो झेलू शकत नाही. गुणाकार केला तर एका वारात काहीतरी परिणाम होण्याची शक्यता साडेअडतीस टक्के. रातराणीचा फटका लागतो ३५ टक्के वेळा आणि व्हिलन चुकतो ५० टक्के वेळा. गुणाकार साडेसतरा. दोघांचेही पॉइंट १५०, पण एकीचा प्रत्येक वार दुसऱ्याच्या निम्म्याहूनही कमी किमतीचा. एका लढाईत तिच्या वाट्याला चार-पाच वार येतात, त्यातले बरेचसे वाया जाणार हे कागदावरच दिसत होतं.

दुरुस्तीला किती पॉइंट लागले? पाच. क्लोज कॉम्बॅट हे स्किल आहे आणि स्किलमध्ये एका पॉइंटला दोन रँक येतात. तीन पॉइंटांत हल्ला +६ चा +१२ झाला. दोन पॉइंटांत काठीचं डॅमेज ६ वरून ८ झालं. आता फटका ६५ टक्के वेळा लागतो, व्हिलन ६० टक्के वेळा चुकतो, आणि गुणाकार येतो ३९. म्हणजे त्या दहा-दहाच्या हीरोइतकीच उपयोगी, आणि एकही अचाट शक्ती न घेता. तिच्या भाषांमधली एक गेली आणि फसवणुकीचे थोडे रँक गेले.

टफनेसचंही असंच. तो थेट विकत घेता येत नाही. तो स्टॅमिनातून, प्रोटेक्शन या शक्तीतून किंवा डिफेन्सिव्ह रोल या अॅडव्हान्टेजमधून (खास कसबातून) येतो. साध्या माणसाला डिफेन्सिव्ह रोल शोभतो: अंगावर वार घेताना लोळण घेऊन त्याचा जोर कमी करायचा. पण बेसावध पकडलं तर तो चालत नाही, हे खेळाडूला आधी सांगून ठेवा. नाहीतर पहिल्यांदा पाठीमागून गोळी लागली की वाद होतो.

माझ्या टेबलावर किमान असं आहे: हल्ला अधिक डॅमेज १८ च्या खाली नाही, बचाव अधिक टफनेस १८ च्या खाली नाही, फॉर्टिट्यूड अधिक विल १६ च्या खाली नाही. कॅरेक्टर तयार झालं की मी आधी हे तीन आकडे बघते आणि मग बाकीचा कागद वाचते.

कमी-जास्त करायचं, पण तीनपर्यंतच

बेरीज २० ठेवून एका बाजूचं दुसऱ्या बाजूला सरकवायला गेम परवानगी देतो, आणि ते फार छान आहे. कातळाचा हल्ला +७, डॅमेज १३. वावटळीचा हल्ला +१३, डॅमेज ७. वरच्याच व्हिलनवर कातळाचा गुणाकार ३४ येतो, वावटळीचा साडेअडतीस. आकडे जवळपास सारखे, पण टेबलावर अनुभव पूर्ण वेगळा. वावटळ सतत टोचत राहते. कातळ बरेचदा चुकतो, पण लागला की व्हिलन एका झटक्यात गारद होऊ शकतो.

मावसभावाला हे आणखी ताणायचं होतं. “ताई, हल्ला पाच आणि डॅमेज पंधरा करू का? एकच बसला तरी खल्लास.” मी नाही म्हटलं, आणि का ते त्याला कागदावर दाखवलं. पाचवर त्याचा फटका लागणार शंभरात ३० वेळा. म्हणजे आपली पाळी येईपर्यंत पंधरा मिनिटं थांबायचं, फासा टाकायचा, चुकायचं, पुन्हा पंधरा मिनिटं थांबायचं. नियमात बसतं, पण माणसाला कंटाळा येतो. म्हणून माझ्याकडे सरकवण्याची मर्यादा तीन. बचावालाही हीच. डॉज १५ आणि टफनेस ५ असलेली वावटळ वीस मिनिटं हाताला लागत नाही आणि एकदाच लागली की उरलेली लढाई बेशुद्ध पडून ऐकते.

या गेममधली वजनाची आणि अंतराची कोष्टकं दर रँकला दुप्पट होतात. ताकद १० म्हणजे २५ टन उचलता येतात, ११ म्हणजे ५०, १२ म्हणजे १००. गोष्टीत हा फरक प्रचंड वाटतो. फाशावर मात्र १० आणि १२ यांत फक्त दोनाचा फरक, म्हणजे दहा टक्के. सुपरहीरो गेमला याचा फार मोठा फायदा होतो. कातळाला डोंगर हलवू दे, रातराणीला लाठी चालवू दे. वर्णनात दोघांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक राहतो आणि फाशावर ते एकाच मैदानात खेळतात. म्हणून कुणी “मला अजून ताकदवान दिसायचंय” म्हणाला तर त्याला उचलायची ताकद वाढवून द्या. पॉवर-लिफ्टिंग या नावाने ती वेगळी मिळते, एका रँकला एक पॉइंट, आणि डॅमेज जिथल्या तिथे राहतं. खेळाडूला हवं असतं ते रेल्वेचा डबा खांद्यावर घेतल्याचं चित्र, आणि ते स्वस्तात देता येतं.

दुसऱ्याचं काम पळवणाऱ्या शक्ती

लढाईचे आकडे जुळले तरी टेबल बिघडू शकतं. बिघडवणारी गोष्ट बहुतेक वेळा अॅरे असते. एक मोठी शक्ती विकत घ्यायची आणि तिच्या जागी वापरता येतील अशा पर्यायी शक्ती एकेका पॉइंटला घ्यायच्या. एका वेळी एकच चालते, म्हणून लढाईत हे अगदी न्याय्य आहे. पण लढाई सोडून बाकीच्या वेळात असा माणूस सगळंच करतो.

मनकवडीचा मानसिक हल्ला दहा रँकचा होता, चाळीस पॉइंटांचा. त्याच्या पोटात तिने एकेका पॉइंटाला मनाने वस्तू हलवणं, दुसऱ्याला गुंगवणं आणि लोकांच्या नजरेतून नाहीसं होणं घेतलं. शेवटचं वाचून मी थांबले. रातराणीने लपण्यावर आठ पॉइंट घातले होते आणि तिचं सगळं कॅरेक्टरच त्यावर उभं होतं. आता तेच काम दुसरी एका पॉइंटात, फासा न टाकता करणार.

हे टाळायला मी पहिल्या बैठकीत, खेळ सुरू होण्याआधी, प्रत्येकाला एका कागदावर तीन गोष्टी लिहायला सांगते: टीममध्ये हे काम निघालं की सगळ्यांनी माझ्याकडे बघायचं. रातराणीने लिहिलं होतं: गुपचूप आत शिरणं, पुरावे जोडणं, गुंडांशी त्यांच्या भाषेत बोलणं. ते चार कागद टेबलाच्या मधोमध ठेवायचे आणि दुसऱ्याच्या कागदावरची गोष्ट आपल्या अॅरेमध्ये घ्यायची नाही. मनकवडीने एक फट सुचवली, आणि ती मला फार आवडली. ती म्हणाली, “काकू, मी स्वतः गायब नाही होणार, पण रातराणीवर कुणाची नजर पडली तर ती नजर वळवू शकेन ना?” आता ती शक्ती रातराणीच्या कामाला जोड देते. एकीने आत शिरायचं, दुसरीने बाहेरून पहारेकऱ्याचं डोकं सांभाळायचं. दोघींचे सर्वांत रंगलेले प्रसंग यातूनच झालेत.

मन वाचण्याबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण रहस्य असलेल्या कुठल्याही गोष्टीचं यापुढे काही चालत नाही. दुसऱ्याच प्रसंगात पकडलेला गुंड समोर बसवला की मनकवडी म्हणणार, मी याच्या डोक्यात शिरते. काही जीएम मग प्रत्येक गुंडाच्या डोक्यात कवच बसवतात. हे करू नका. खेळाडूने पॉइंट मोजून घेतलेली शक्ती तुम्ही दर वेळी बंद पाडत असाल तर ती आधीच नाकारलेली बरी. मी दोन गोष्टी करते. एक, माणसाच्या मनात त्याला जे खरं वाटतं तेवढंच असतं. गुंडाला वाटतं की माल भाऊच्या धक्क्यावर उतरणार आहे. त्याला तसं सांगितलेलं असतं. दुसरं, मनात मिळतं ते चित्र, आणि त्याचा अर्थ लावायला दुसरं कुणी लागतं. मनकवडीला दिसतं: निळा दरवाजा, माशांचा वास, घंटेचा आवाज. तो दरवाजा कुठला, हे मुंबईचे गल्लीबोळ माहीत असलेली रातराणी शोधते. शक्ती पूर्ण चालली, आणि गोष्ट संपली नाही.

टेलिपोर्ट, भिंतीतून जाणं, भविष्य दिसणं यांनाही हाच विचार लावा: ही शक्ती कुठला अडथळा रद्द करते, आणि तो अडथळा ओलांडणं टीममध्ये आणखी कुणाचं काम होतं? कुणाचंच नसेल तर खुशाल द्या. कालप्रवास मी देत नाही.

प्रसंग असा रचा की सगळ्यांचे हात लागतील

कागदावरचं काम इथे संपतं. पुढचं सगळं जीएमच्या तयारीवर.

ताकदवान हीरोला कमकुवत करायचं नसतं, त्याचे हात गुंतवायचे असतात. आमच्या कॅम्पेनमधला वांद्रे-वरळी सी लिंकचा प्रसंग सांगते. हा पूल २००९ मध्ये सुरू झाला, साडेपाच किलोमीटरहून थोडा लांब, मधे केबलवर तोललेला. व्हिलनचं नाव गारठा. संध्याकाळच्या गर्दीत तो पुलाच्या मध्यावर रस्ता गोठवतो. एक बस घसरून कठडा तोडते आणि निम्मी बाहेर लोंबकळते. मागे गाड्या एकमेकींवर आदळतात, लोक दारं उघडून पळत सुटतात. आणि गारठा शांतपणे केबलवर हात ठेवतो.

कातळ बस धरू शकतो. भरलेली बस २५ टनांच्या खूप आत येते, म्हणून त्याला रोलही नको. पण धरली की दोन्ही हात बसला लागले, आणि आत माणसं आहेत तोवर सोडता येत नाही. गारठा त्याच्यापासून वीस पावलांवर उभा, आणि कातळ त्याला मारू शकत नाही. टेबलावरचा सर्वांत बलवान माणूस आता टीममधल्या बाकीच्यांवर अवलंबून आहे. बसमधल्या माणसांना एकेक करून काढायचं तर वावटळच हवी. एका राउंडला म्हणजे सहा सेकंदांत ती किती जणांना आणेल हे मी तिलाच ठरवू दिलं, आणि जास्त जण आणायचे तर बर्फावर तोल सांभाळायचा रोल अवघड केला. पळणाऱ्या गर्दीला चेंगराचेंगरीपासून वाचवणं मनकवडीकडे.

रातराणीसाठी काय? नवे जीएम साध्या माणसाला असल्या प्रसंगात “तू जखमींना मदत कर” म्हणून बाजूला बसवतात. तसं करायचं नाही. तिच्या हातात प्रसंगाची किल्ली द्यायची. गारठ्याला एवढी थंडी पुरवणारं यंत्र त्याच्या अंगावर नव्हतं. गर्दीत एक रुग्णवाहिका उभी होती, तिच्या काचांवर आतून दव साचलं होतं आणि सायरन बंद होता. हे फक्त तपासाच्या रोलने दिसणार होतं. रातराणीने पाहिलं, आत शिरली, दोन माणसांना लोळवलं आणि नळी कापली. त्याच क्षणी गारठ्याचा डॅमेज १३ वरून ९ वर आला. कातळ बस खाली ठेवून वळला तेव्हा लढाई बरोबरीची झाली होती, आणि ती रातराणीने केली हे चौघांनाही दिसलं.

यातून घ्यायची पद्धत सांगते. प्रसंग लिहिताना प्रत्येक हीरोच्या नावापुढे लिहा: याच्याशिवाय काय अडेल? एखाद्यापुढे काही लिहिता येत नसेल तर प्रसंग अजून तयार झालेला नाही. आणि ही अडचण एकाच वेळी आली पाहिजे. आधी कातळाचा प्रसंग, मग मनकवडीचा, असं पाळीपाळीने दिलं तर तीन जण नेहमी थांबून असतात.

एक काळजी घ्या. प्रत्येकाची कमजोरी तुमच्या डोळ्यासमोर असते, आणि रोज तिच्यावरच वार करणं फार सोपं असतं. मनकवडीसमोर सतत मन नसलेले यंत्रमानव, कातळासमोर सतत विलवर हल्ला करणारा व्हिलन. चार प्रसंगांतून एकदा हे रंगत आणतं. त्याहून जास्त झालं की खेळाडूला वाटतं, जीएमला माझं कॅरेक्टर नको आहे.

व्हिलन किती मोठा

चौघांविरुद्ध एक व्हिलन ठेवायचा तर मी पॉवर लेव्हल १३ घेते. हल्ला, डॅमेज, बचाव, टफनेस सगळं १३ धरलं तर १०-१० च्या हीरोचा गुणाकार २२ टक्के येतो आणि व्हिलनचा त्याच्यावर जवळपास साठ. एका राउंडला हीरोंचे चार वार, व्हिलनचा एक. शिवाय टफनेसचा प्रत्येक फसलेला रोल पुढच्या टफनेसमधून एक वजा करतो, म्हणजे व्हिलन हळूहळू मऊ पडत जातो. लढाई चार-पाच राउंड चालते आणि दोन्हीकडे धाकधूक राहते. लेव्हल १५ केली तर हीरोचा गुणाकार साडेतेरावर घसरतो आणि व्हिलनचा ७६ वर जातो. मग चौघंही फासे टाकत राहतात आणि काहीच घडत नाही.

त्याच्यासोबत पाच लेव्हलचे मिनियन (हाताखालचे किरकोळ गुंड) द्या, डझनभर दिले तरी चालतील. मिनियन एका फसलेल्या रोलला पडतो, आणि त्याच्यावर हल्ला करताना फासा न टाकता १० धरता येतात. इथे रातराणीला टेकडाउन हे अॅडव्हान्टेज घ्यायला सांगा. एक मिनियन पाडला की लगेच शेजारच्यावर दुसरा वार मिळतो. एकदोन पॉइंटांत ती एका पाळीत अख्खी खोली रिकामी करते, आणि खेळाडूला आपला हीरो चित्रातल्यासारखा वागलेला बघायला मिळतो.

हीरो पॉइंट कुणाला जातात ते मोजा

प्रत्येक साहसाच्या सुरुवातीला हरेकाकडे एक हीरो पॉइंट असतो. बाकीचे कॉम्प्लिकेशनमधून येतात: घरची जबाबदारी, जुना शत्रू, लपवलेली ओळख अशा गोष्टी जीएमने खेळात आणल्या आणि त्याने हीरोची अडचण झाली, की एक पॉइंट. तो खर्च करून फासा पुन्हा टाकता येतो, आणि दुसऱ्यांदा १० किंवा कमी पडले तर त्यात १० मिळवायचे. म्हणजे ११ च्या खाली काही येतच नाही.

ताकदीचा खरा तोल इथे सांभाळता येतो, आणि बहुतेक जण इकडे लक्षच देत नाहीत. बोलक्या खेळाडूच्या कॉम्प्लिकेशन जीएमला आठवतात, गप्प बसणाऱ्याच्या राहून जातात. कातळाला सेशनमध्ये तीन पॉइंट मिळाले आणि रातराणीला एकही नाही, तर आधी जुळवलेले सगळे आकडे बिनकामाचे. मी चौघांच्या नावांची चिठ्ठी समोर ठेवते आणि पॉइंट दिला की खूण करते. दुपारच्या चहापर्यंत कुणापुढे खूण नसेल तर चहानंतरची पहिली अडचण त्याची.

ताकद मुद्दाम असमान ठेवायची असेल तर यातून एक सरळ रस्ता निघतो. ईडन स्टुडिओजने २००२ मध्ये काढलेल्या बफी द व्हॅम्पायर स्लेयरच्या गेममध्ये मुख्य वीराला दहा ड्रामा पॉइंट मिळतात आणि साध्या मित्रांना वीस. शक्ती एकाकडे, नशीब दुसऱ्याकडे. म्युटंट्स अँड मास्टरमाइंड्समध्येही हे करता येतं: लेव्हल ८ चा हीरो लेव्हल १० च्या टीममध्ये हवा असेल तर त्याला साहसाच्या सुरुवातीला एकाऐवजी तीन हीरो पॉइंट द्या. मात्र हे सगळ्यांसमोर बोलून ठरवा.

दुसरे गेम खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात. चॅम्पियन्स हा १९८१ चा गेम अजून खेळला जातो. तिथे डॅमेजच्या आधी स्पीड बघा. एका टर्नचे बारा सेगमेंट असतात, स्पीड ६ वाला त्यात सहा वेळा वागतो आणि ४ वाला चार वेळा. टीममधला फरक दोनपेक्षा जास्त होऊ देऊ नका. मास्क्समध्ये, २०१६ च्या मॅग्पाय गेम्सच्या गेममध्ये, शक्तीला आकडाच नाही. तिथे ही पोरं स्वतःकडे कशी बघतात याचे आकडे आहेत, आणि बस उचलणारा व न उचलणारा दोघंही तेच दोन सहा-बाजूंचे फासे टाकतात. तुमच्या ग्रुपला बेरजा नको असतील आणि तरुण हीरोंची गोष्ट हवी असेल तर सरळ तो घ्या.

पुढे वाढवताना

कॅरेक्टरला साधारण प्रत्येक सेशनला एक पॉइंट मिळतो. पंधरा जमले की पॉवर लेव्हल वाढवायचा रिवाज आहे, पण ती जीएमने जाहीर केल्यावरच वाढते. सगळ्यांची एकाच दिवशी वाढवा. गैरहजर राहिलेल्याचे पॉइंट कापू नका. जर्मनीत रात्रपाळी असलेल्या माणसाचं कॅरेक्टर मागे पडण्यात कुणाचाच फायदा नाही.

पहिल्या तीन सेशननंतर प्रत्येकाला कागद पूर्ण बदलायची मुभा द्या. शक्ती कागदावर वाटते तशी टेबलावर चालत नाही, हे खेळल्याशिवाय कळत नाही. वावटळीने याच वेळी डॅमेजचे दोन रँक सोडून एकाच वेळी अनेकांना लागणारा वार घेतला. बेरीज अठरावर आली, माझ्या किमान मर्यादेइतकी, आणि मिनियनांचा बंदोबस्त आता ती आणि रातराणी वाटून घेतात. बदल मागायला कुणी लाजत असेल तर जीएमनेच सेशन संपल्यावर फोन करावा आणि विचारावं, आज तुझी पाळी आली तेव्हा तुला काय करावंसं वाटलं आणि करता आलं नाही. जे उत्तर मिळेल ते त्याच रात्री त्याच्या कागदाशी ताडून बघा.